सुईत दोरा ओवून दाखव

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जा.

रविवारी भाचीसाठी एक स्थळ बघायला गेलो होतो पुण्यात. आम्ही गेलो, मुलाच्या घरी. (हे पण दोघातिघांना आधीच खुपलं होतं, मुलीकडच्यांनी आधी जायचं म्हणजे काय वगैरे.) माणसं साधी, घर नीटनेटकं, पोहे झाले, चहा झाला, आणि त्या दोघांना गॅलरीत बोलायला पाठवणार तेवढ्यात आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे भाचीनेच, सगळ्यांसमोर विचारलं, होम लोन किती राहिलंय, सॅलरी स्लिप बघायला मिळेल का, आणि स्वयंपाक येतो का. तीनच प्रश्न. आवाज चढवला नाही, काही नाही.

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर कोर्ट भरलंय! मुली शेफारल्यात. संस्कार राहिले नाहीत. मध्यस्थ काकांचा तर मला वेगळा फोन, की ताई, मुलीने स्लिप मागायची म्हणजे जरा अतीच झालं. मी म्हणलं काका, मुलाकडच्यांनी तिचं पॅकेज बायोडाटा हातात पडायच्या आधी विचारलं होतं, तेव्हा अती नाही वाटलं? तर म्हणे ते वेगळं.

काय वेगळं हो?

1995 साली सातारला मला बघायला आले होते. मी बावीसची. आधी चालून दाखव झालं. मग केस खरेच आहेत ना म्हणून मुलाच्या आत्यानं माझी वेणी सोडायला लावली. आणि मग पर्समधून सुईदोरा काढला, घरून घेऊन आल्या होत्या बरं का, आणि म्हणाल्या ओवून दाखव, डोळे बघू. संध्याकाळची वेळ, साठचा बल्ब, समोर सात माणसं पोहे खातायत. दोरा ओला करून पहिल्यांदा गेला नाही, दुसऱ्यांदा गेला नाही. तिसऱ्यांदा गेला तेव्हा कोणीतरी हसलं. आमचे अण्णा, झेडपीच्या शाळेतले मास्तर, अख्ख्या गावाच्या पोरांना छडी दाखवणारा माणूस, मान खाली घालून फरशीकडे बघत बसले होते.

त्या दिवशी संस्कारांबद्दल कोणी काही बोललं नाही. रीतच होती ना ती.

अण्णांची एक शंभर पानी वही होती, स्थळांची. ते गेल्यावर कपाटात सापडली. उभ्या रेघा मारून गाव, शिक्षण, शेती, अपेक्षा, निकाल. अपेक्षा या रकान्यात सात तोळे, स्कूटर, दोन्हीकडचा खर्च, असं सुवाच्य मास्तरी अक्षरात लिहिलेलं. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे आणि ही वही त्यानंतर चौतीस वर्षांनीची. आता ती भाषा बदललीय फक्त. 'आमची काही अपेक्षा नाही, लग्न तेवढं चांगल्या हॉलला करून द्या.' आणि मग हॉलचं नाव पण तेच सांगतात.

तर पोरीनं आकडे विचारले याचा राग नाहीये कोणाला. आकडे आपण पिढ्यानपिढ्या विचारत आलोय. मुलीनं विचारले, स्वतःच्या तोंडानं, याचा राग आहे. सुई आता दुसऱ्याच्या हातात गेलीय, एवढंच दुखणं.

हो, माहितीये, आता कमेंटमध्ये येतील शेतकरी मुलांचं काय म्हणून. ते खरंय. सोलापुरात डिसेंबर 2022 मध्ये पोरं नवरदेव होऊन घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर गेली होती, बायको मिळवून द्या म्हणून. लोक हसले, मला नाही हसू आलं. बागायत असून, व्यसन नसून मुलगी मिळत नाही, माझ्या माहेरच्या गावात घरटी एक असा पोरगा आहे. पण मुली गेल्या कुठे हे पण बोला ना मग. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 913 मुली होत्या. त्या 913 मधल्या आता लग्नाला आल्यात आणि प्रश्न विचारतायत. आम्ही तिघी बहिणी, अण्णांना लोक तोंडावर 'तिन्ही मुलीच का' म्हणायचे, त्यामुळे या विषयावर मला शिकवू नका.

बरं. आता जे लिहिणार नव्हते ते लिहिते, कारण टाईप करता करता राग जरा उतरलाय.

स्वयंपाक येतो का विचारल्यावर तो मुलगा गडबडला. चहा येतो म्हणाला. भाची हसली. वाईट हेतूनं नाही हसली, मी ओळखते तिला, पण हसली. आणि माझी नजर त्याच्या वडिलांकडे गेली. सोफ्याच्या कडेला बसलेले, रिटायर्ड, इस्त्रीचा शर्ट, बशीतल्या बिस्किटाकडे बघत होते. मान खाली. मला एकदम पोटात कालवलं. ते बसणं मी आधी बघितलंय.

म्हणून काय तिनं विचारू नये? विचारावंच. शंभरदा विचारावं. आयुष्य तिला काढायचंय, ग्रुपवरच्या आत्याबाईंना नाही. पण त्या आत्यांच्या पर्समधली सुई माझ्याच भाचीच्या हातात दिसावी, निदान एक क्षण तरी, हे मला रविवारपासून टोचतंय. कोणाला बोलले नाही, इथेच लिहितेय. ग्रुपवरच्यांनी याचा फायदा घेऊ नये, तुम्हाला हे बोलायचा हक्क नाही, तुमच्या घरातल्या देण्याघेण्याच्या याद्या मला पाठ आहेत.

त्या सातारच्या लोकांचं पुढे काय झालं, तर बारा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. 'पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.' गुरुजींनी आधीच बघून सव्वीस गुण सांगितले होते, त्यांना पण माहीत होतं, अण्णांना पण. अण्णांनी वहीत निकालाच्या रकान्यात 'पत्रिका' एवढंच लिहिलंय.

मगाशी भाचीला फोन केला. तिचा नकार आहे, मुलगा आवडला नाही, विषय संपला, मी कारण विचारलं नाही. म्हणलं एक कर, काकांमार्फत निरोप पाठवू नकोस, तूच फोन कर त्यांच्या घरी, नीट बोल, आणि पत्रिका जुळत नाही असलं काही सांगू नकोस.

तर म्हणाली, "मावशी, पत्रिका बघितलीच कुठे होती आपण?"