श्रावणातला कोंबडा

सोमवार दुपारपासून वाडीत माझी ओळख 'श्रावणात कोंबो कापणारो' अशी झाली आहे. शपथेवर सांगतो, मी कोंबडा कापलेला नाही. मी गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले शिफ्ट सोलेनॉइड बदलत होतो. पण हे वाक्य आमच्या वाडीत कुणाला सांगून बघा. 'सोलेनॉइड' म्हणून होईपर्यंत ऐकणारा बातमी घेऊन पुढच्या घरी पोचलेला असतो.

गाडी जुनी, मुंबईच्या आतेभावाने गळ्यात मारलेली. महिनाभर तिसरा गिअर सोडायला तयार नव्हती. सपाटीला चाललं असतं, पण फोंडा घाट तिसऱ्यात चढायचा म्हणजे मागच्या ट्रकवाल्यांना आपल्या सात पिढ्या मोजायला लावण्यासारखं. बिघाड सांगणारं मशीन लावून बघितलं तर कोड आला पी ०७५५, म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड बी. गॅरेजवाला म्हणाला, अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आता माझ्या गाडीत सोलेनॉइड असतात तेलाच्या ट्रेच्या आत, व्हॉल्व्ह बॉडीवर, म्हणजे तेलाच्या वाटा असलेल्या ठोकळ्यावर. ट्रे खोलला की हाताला लागतात. पण त्याला गणपतीआधी मोठं बिल करायचं होतं आणि मला गणपतीला कुडाळ स्टेशनवरून चाकरमानी आणायचे होते. मग घेतली गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, जॅक-स्टँडवर चढवली आणि खाली शिरलो.

तेवढ्यात तात्या आले. येताना स्वतःची खुर्ची घेऊन आले. म्हणजे मुक्काम लांबचा.

तात्यांनी तीस वर्षं एसटी चालवली. करूळ घाटात डबल क्लच मारून गिअर उतरवणारा माणूस. माणसाची पारख ते डाव्या पायावरून करतात. अजूनही रस्त्यावरून एसटी गेली की बसल्या जागी त्यांचा डावा पाय दाबला जातो. हा पाय लक्षात ठेवा.

"काय करतंस?"

"गेर दुरुस्त करतंय, तात्यानू."

"गेर खंय? लिवर तर वर रवलो."

"ही ऑटोमॅटिक. हिका क्लच नाय. गेर तीच टाकता."

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग वरून आलं, "देवान दोन पाय दिलेले. एकाक रजा कित्याक?"

याला उत्तर नव्हतं. मग मी खालूनच समजावायला लागलो. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं. त्यातून वीज वाहिली की आतली दांडी सरकते आणि तेलाची वाट उघडते किंवा बंद होते. माझ्या गाडीत असे दोन. दोन्ही चालू, दोन्ही बंद, हा चालू तो बंद, तो चालू हा बंद. चार तऱ्हा, चार गिअर.

तात्या म्हणाले, "म्हणजे पोफळीच्या बागेत पाटाचा पाणी फिरवणारे दोन गडी."

"होय!"

"आणि एक गडी झोपललो."

यापेक्षा सोपं मला इंटरनेटवर कुणी सांगितलेलं नाही. म्हणून तर राग जास्त. माणूस मठ्ठ असता तर सोडून दिलं असतं.

पुढे स्टँडऐवजी चिरे लावायचा सल्ला झाला (चिऱ्यावर घर उभं राहतं, पण गाडीखाली कधी फुटेल नेम नाही, आणि खाली मी). ट्रेमधल्या लोहचुंबकाला करडा चिखल चिकटलेला असतो, क्लचप्लेटींची झीज. थोडा असला तर घाबरायचं नसतं. तो बोटावर घेऊन तात्या म्हणाले, "मशेरी." वास घेतला, आणि माझ्या नशिबाने तेवढ्यावर थांबले.

बाजूच्या घमेल्यात तीनेक लिटर तेल निथळलं होतं. ते मोजायचं असतं, म्हणजे तेवढंच नवीन भरता येतं. मी मोजमापाचं भांडं आणायला वळलो आणि वळणावर अकराची एसटी खालच्या गिअरात पडली. तात्यांचा पाय दाबला गेला. पायाखाली घमेलं होतं.

हे तेल लाल असतं. मुद्दाम रंगवतात, गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळी ओळखू यावी म्हणून. हे कारण मी सोमवारपासून सतरा जणांना सांगितलंय. वापरून वापरून माझं तेल काळपट लाल झालं होतं, म्हणजे आणखीच खरं दिसणारं. वरून सर आली. पावसाचं पाणी आमच्याकडे तांबडंच असतं, पण हे निराळं तांबडं तुळशीला वळसा घालून, पायऱ्या उतरून पाणंदीला लागलं.

नेमक्या शंकराला बेल वाहून येणाऱ्या काकी पाणंदीत. आणि मी गाडीखालून बाहेर, कोपरापर्यंत लाल, हातात गॅस्केट खरवडायची सुरी.

"ओ तात्यानू, ह्या काय?"

तात्यांनी एकच वाक्य बोलायचं होतं: गाडीचं तेल सांडलं, माझ्या लाथेने. पण तात्या गंभीरपणे म्हणाले, "भुतूर एक गडी झोपललो. तो भायर काढलो."

काकी बेलाच्या रिकाम्या तबकासकट पळाल्या. गावाने त्याचा कोंबडा केला, हे माझ्यावर उपकारच म्हणायचे.

बाकी काम तासाभराचं. मल्टिमीटर लावून वेटोळ्याचा रोध बघितला, चांगला सोलेनॉइड १३ ओहम दाखवत होता, 'झोपललो गडी' काहीच दाखवेना. दोन्ही बदलले. तेलाचं माप गेलंच होतं, म्हणून थोडं थोडं ओतत, इंजिन गरम करून चालू ठेवत, दर वेळी तेलाची पातळी दाखवणारी दांडी पुसून बघत संध्याकाळ झाली. गाडी आता लोण्यासारखी गिअर बदलते. हे कुणी विचारलंय? एकाने तरी? तालुक्याला जाऊन भर श्रावणात ऑम्लेट हाणणारेसुद्धा मला गाडीचं नाही, तुळशीचं विचारतात. चिऱ्याच्या पायऱ्यांनी तेल पिऊन टाकलंय, हिने राखेने, साबणाने घासलं, डाग हलत नाही. गणपती दारात, आणि ही माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलते.

आज सकाळी तात्यांना कुडाळला जायचं होतं. माझ्या बाजूला बसले, चढावर डाव्या पायाने नसलेला क्लच दाबत राहिले. बाजाराजवळ बंद असलेल्या कोंबडीवाल्याच्या दुकानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं,

"तो कोंबो खयसून हाडललंस रे?"