कारवी बारा वर्षांनी फुलत नाही

श्रावण सरला की व्हॉट्सॲपवर तोच निरोप पुन्हा फिरायला लागतो: 'सह्याद्रीत बारा वर्षांतून एकदाच फुलणारी दुर्मिळ नीलकुरिंजी, म्हणजेच आपली कारवी! यंदा चुकली तर थेट बारा वर्षांनी. फुलल्यावर झाडं मरतात आणि डोंगर उजाड होतो.' सोबत फोटो मुन्नारचा.

बारा वर्षांचा हिशेब नीलकुरिंजीचा. ती मुन्नार-निलगिरीच्या उंच गवताळ डोंगरांवर वाढते. मुन्नारला १९९४, २००६ आणि २०१८ साली फुलली. कारवी, म्हणजे स्ट्रोबिलॅन्थिस कॅलोसा, ही तिच्याच गोतातली, दोघी अडुळशाच्या कुळातल्या. पण झुडूप वेगळं. पुरुषभर उंच, कधी त्याहूनही जास्त, आणि सह्याद्रीच्या उतारांवर झाडांच्या सावलीत दाटीनं वाढणारं. ती साधारण सात वर्षांनी फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ नंतर २०१६ साली फुलली, म्हणजे आठ. सात की आठ यावर खुशाल वाद घाला, बारा मात्र कुठूनही येत नाहीत.

'यंदा चुकली तर गेली' हेही खरं नाही. सगळ्या डोंगरांवरची कारवी एकाच वर्षी फुलत नाही. शिवाय रांगेत न चालणारी चुकार झुडपं अधूनमधून फुलतच असतात.

दुर्मिळ? पावसाळ्यात गडाची वाट सोडून उतारावर शिरलेल्या कुणालाही विचारा, कारवीच्या रानात पाऊल टाकायला जागा मिळत नाही. वारली घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या, वरून शेणामातीनं लिंपलेल्या. दुर्मिळ आहे तो फुलोरा, झुडूप नव्हे.

राहिला उजाड डोंगर. झुडपं मरतात, एवढं खरं. पण निरोप तिथंच थांबतो आणि खरी गंमत पुढं आहे. फुलं गेल्यावर धरलेली बोंडं वाळून काठ्यांवरच राहतात. पुढच्या पावसाची पहिली ओल लागली की ती तडतड फुटतात, बी लांब उडतं आणि उतारभर रोपं उगवतात. जुनी झुडपं वाळल्यामुळे जमिनीपर्यंत ऊन पोचतं, त्याचाही रोपांना फायदाच. सगळी एकाच पावसात उगवलेली, म्हणून वयानं सारखी आणि पुढं फुलणारही बहुतेक एकदमच. इतकं बी एका वेळी पडलं की खाणाऱ्या किड्या-उंदरांना ते संपवता येत नाही, असा एक तर्क अभ्यासक मांडतात; मला तो पटतो.

याच निरोपाचा एक अवतार कासच्या फोटोसह येतो. त्यात दिसणारी गोल, बुटकी झुडपं टोपली कारवीची. ती सड्यांवरची, म्हणजे खडकाळ पठारांवरची, तिचं वेळापत्रक स्वतंत्र.

जायचंच असेल तर सप्टेंबरात जा, आणि निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात फोन करून यंदा कुठला उतार फुललाय ते विचारा.