नवी होडी द्यायची की जुनी दुरुस्त करायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वादळानंतरच्या होडीदुरुस्तीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. ती इतकी मुद्देसूद आहे की दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून सोडून देणं मला पटेना. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: जुन्या लाकडी होड्यांना ठिगळं लावण्यात लोकांची वर्गणी वाया जाते, त्यापेक्षा सरळ फायबरच्या नव्या होड्या द्याव्यात. सरकार भरपाई देतंच, मग वेगळी मदत कशाला? इशारे देऊनही मच्छीमार होड्या सांभाळत नाहीत. समुद्रात मासळी तशीही उरलेली नाही, चार होड्या कमी झाल्या तर बरंच. आणि शेवटचं, ही सगळी मदत नाखवाच्या, म्हणजे होडीमालकाच्या, घरात जाते, खलाशाच्या हाती काय लागतं? तुम्ही तीस वर्षं फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात काम केलंय हेही लिहिलंत, त्यामुळे पहिला मुद्दा तुम्ही जाणकारीने मांडलाय. उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

'ठिगळ' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर काय आहे ते कळतं. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन तालुक्यातल्या एका वाडीत जे पाहिलं ते सांगतो. सरूचं झाड आडवं पडून एक होडी मधोमध दबली होती. लांबून पाहणारा कोणीही म्हणाला असता, गेली ही. सुतारकाका आले, पटाशीची मूठ उलटी धरली आणि नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, फळी फळी ठोकत निघाले. लाकूड घट्ट असेल तिथे टणक आवाज, आतून कुजलंय किंवा चिरलंय तिथे बसका. बसका आवाज आला की कोळशाने फुली. पूर्ण फेरी झाली तेव्हा फुल्या होत्या तीन फळ्यांवर आणि आतल्या एका फासळीवर. बाकी होडी धडधाकट. मग तेवढ्याच फळ्या काढायच्या, नव्या बसवायच्या, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, वरून राळ. अशी दुरुस्त झालेली होडी पुढची कितीतरी वर्षं चालते. लाकडी होडीची सगळी रचनाच अशी असते की तिचा एकेक भाग बदलता यावा. दर पावसाळ्यात झावळ्यांनी शाकारलेल्या होड्यांखाली हेच काम चालू असतं, वादळ असो वा नसो.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. आजूबाजूला आंबे, फणस, उंडी मुळासकट उपटून पडले होते. लाकूड फुकट होतं. मुंबईहून आलेल्या एका तरुणाने सुचवलंही, यातलंच कापून फळ्या काढू. सुतारकाकांनी साफ नकार दिला. ओल्या लाकडाची फळी बसवली तर ती सुकताना आकसते, सांधे उघडतात आणि भर समुद्रात पाणी आत येतं. जुनं, वाळलेलं लाकूडच हवं होतं. ते मिळवायला कठीण गेलं, कारण टाळेबंदी होती, वीज कितीतरी दिवस नव्हती आणि वखारी बंद होत्या. मदत म्हणून त्या वेळी सर्वांत मोलाचं काय होतं तर वाळलेल्या फळ्यांचा एक टेम्पो, योग्य जाडीचे जस्ताचा मुलामा दिलेले खिळे आणि डिझेलवर चालणारा जनरेटर. नव्या होडीची घोषणा करणाऱ्याला हे सुचणार नाही, सुताराला विचारणाऱ्याला सुचेल.

फायबरला माझा विरोध नाही. आपल्याकडेही फायबरच्या होड्या पुष्कळ आहेत. त्या हलक्या असतात आणि त्यांना दरवर्षी तेलपाणी करावं लागत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होडीवर फायबरचा थर चढवायची पद्धतही किनाऱ्यावर नेली, ती मला फार उपयोगाची वाटते. प्रश्न आहे तो बाहेरून आलेल्या कोणीतरी घाईघाईत नव्या होड्या वाटण्याचा. हा प्रयोग आपल्याच देशात झाला आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, विशेषतः नागपट्टिणमकडे, देशाविदेशातून मदत लोटली. संस्थांना दाखवता येईल असं काम हवं होतं आणि रांगेत उभ्या रंगवलेल्या होड्यांइतकं डोळ्यांत भरणारं दुसरं काय असणार? तिथल्या लहान मच्छीमाराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं साधन म्हणजे कट्टुमरम, ओंडके दोरांनी बांधून केलेला तराफा. तो लाटा फोडून थेट वाळूवरून पाण्यात जातो, परत आला की सोडून सुकवता येतो आणि दोन-तीन माणसं तो चालवतात. त्याच्या जागी इंजिनवाल्या फायबरच्या होड्या आल्या. मागणी एवढी वाढली की अनुभव नसलेल्या लोकांनीही होड्या बांधायला घेतल्या. फायबरचे थर कमी, ते थर चिकटवणारं रेझिन नीट मुरलेलं नाही, जोड कच्चे. अनेक गावांत आधी होत्या त्यापेक्षा जास्त होड्या झाल्या आणि त्यांवर जायला माणसं कमी पडली. वल्ह्या-शिडाच्या कट्टुमरमला इंधन लागत नव्हतं, नव्या होडीला रोजचं इंधन लागू लागलं आणि ते उधारीवर येऊ लागलं. श्रीलंकेत आणि इंडोनेशियातल्या आचे प्रांतातही निकृष्ट, समुद्रात नेता न येणाऱ्या होड्या वाटल्या गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्याच काळात अशा बांधणीबद्दल आणि गरजेपेक्षा जास्त होड्यांबद्दल इशारे दिले होते.

त्याच किनाऱ्यावर याच्या उलट उदाहरणही आहे. दक्षिणेतल्या मच्छीमारांच्या स्वतःच्या सहकारी संस्थांचा महासंघ, सिफ्स, याचे होडीबांधणीचे यार्ड आणि इंजिनदुरुस्तीच्या कार्यशाळा त्सुनामीच्या कितीतरी आधीपासून चालू होत्या. कुठल्या किनाऱ्याला कशी होडी लागते, कोणतं इंजिन कुठे बिघडतं, हे त्यांना ठाऊक होतं. जो आधीपासून तिथे उभा आहे त्याच्या हातात साहित्य द्यावं, एवढंच मी त्यावरून शिकलो.

आता मासळी संपत चालल्याबद्दल. तुमची काळजी खरी आहे. पण दुरुस्तीने समुद्रात एकही होडी वाढत नाही. जी होती तीच परत जाते. होड्या वाढतात त्या नव्या वाटल्याने, म्हणजे तुमच्या पहिल्या मुद्द्याने तुमच्याच चौथ्या मुद्द्याला बाधा येते. शिवाय समुद्र ओरबाडतो कोण हेही पाहायला हवं. एलईडी दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. पर्ससीन जाळ्यांवर, म्हणजे अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, महाराष्ट्राने २०१६ मध्ये निर्बंध आणले. ते नीट पाळले जावेत म्हणून आंदोलनं कोण करतं? हेच डोलवाले (प्रवाहात पिशवीसारखं जाळं लावणारे), रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि बिगर यांत्रिक होड्यांचे मालक. ज्यांची होडी फुटली तेच लोक उद्याच्या मासळीसाठी भांडतायत. वादळाने नेमकी त्यांचीच होडी बुडवावी आणि आपण त्याला समुद्राचं भलं म्हणावं, हे मला मान्य होणार नाही.

इशाऱ्यांबद्दल थोडक्यात. निसर्गच्या वेळी होड्या परत आल्या होत्या. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळीही, मे २०२१ मध्ये, बहुतेक नौका बंदरात होत्या आणि नुकसान तिथेच झालं. दोर तुटून, नांगर ओढले जाऊन नौका एकमेकींवर आणि धक्क्यावर आपटल्या. लहान बंदरांना लाटा अडवणारी भिंत नाही, कितीतरी खाड्यांच्या मुखाशी गाळ साचलाय, ओहोटीला आत शिरता येत नाही. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी नौका देवगडला आसऱ्याला आल्या, कारण तसा नैसर्गिक आडोसा या किनाऱ्यावर मोजक्याच ठिकाणी आहे. इशारा ऐकून परत आलेल्या माणसाला होडी बांधायला सुरक्षित जागा नसेल तर त्याला निष्काळजी म्हणता येणार नाही.

भरपाईचे आकडे मात्र सगळ्यांनी पाहावेत असे आहेत. आपत्ती निधीच्या केंद्रीय निकषांनुसार निसर्गच्या काळात अंशतः नुकसान झालेल्या होडीला ४,१०० रुपये होते आणि पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६००. जाळ्याच्या दुरुस्तीला २,१०० रुपये. तौक्तेनंतर राज्याने स्वतःची भर घालून ही रक्कम अंशतः नुकसानीला १०,००० आणि पूर्ण नुकसानीला २५,००० केली. २०२२ ते २०२६ साठीचे केंद्रीय निकष ६,००० आणि १५,०००. इंजिन असलेली लहान फायबर होडी लाखांच्या घरात जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत होडी बदलण्यासाठी ४० टक्के अनुदान ठेवलं होतं, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. उरलेली रक्कम ज्याची होडीच फुटली आहे त्याने आणायची कुठून?

आणि रकमेपेक्षाही वेळ महत्त्वाची. समुद्राच्या पाण्यात बुडालेलं इंजिन बाहेर काढल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवायला हवं. आतलं तेल काढून टाकून नवं तेल घालून फिरवायला हवं, इंजेक्टर सोडवून साफ करायला हवेत. हे एक-दोन दिवसांत झालं तर इंजिन वाचतं. पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणून ते तसंच पडून राहिलं, तर आत गंज धरतो आणि थोड्या खर्चाचं काम नव्या इंजिनवर जातं. म्हणून दुरुस्तीला मदत करणारा आमचा गट गावागावांत सांगतो की आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, नोंदणी क्रमांक दिसेल असे काढा, मग इंजिन उघडा. सुरुवातीच्या या दिवसांत एक मेकॅनिक आणि तेलाचे डबे पोचवणं ही सरकारी भरपाईची पुनरावृत्ती होत नाही. भरपाईला तिथे वेळेत पोचताच येत नाही.

तशीच दुसरी मुदत १ ऑगस्टची. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठते, नारळी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस वर्षातल्या सर्वांत चांगल्या कमाईचे असतात. होडी तोवर तयार नसेल तर माणूस व्यापाऱ्याकडून उचल घेतो. उचल घेतली की मासळी त्यालाच द्यायची, तो सांगेल त्या भावाने. एका वादळाची उचल फेडता फेडता पुढचं वादळ येतं. निसर्ग आणि तौक्ते यांत वर्षभराचंही अंतर नव्हतं. दुरुस्ती जुलैत झाली तर घर सावरतं. तीच नोव्हेंबरात झाली तर तोवर कर्ज डोक्यावर बसलेलं असतं.

तुमचा खलाशांचा मुद्दा मात्र पूर्ण बरोबर आहे, आणि तो पुरेसा कोणी बोलत नाही. भरपाई होडीच्या नोंदणीवर मिळते. खलाशाच्या नावावर होडी नसते, त्यामुळे त्याचा बुडालेला हंगाम कुठल्याच रकान्यात बसत नाही. मासळी विकणाऱ्या बायकांचंही तेच. सुकत घातलेले बोंबील वाहून गेले, टोपल्या गेल्या, बर्फाचे खोके गेले, पंचनाम्यात यातलं काही येत नाही. होडी लवकर पाण्यात गेली तर खलाशाचा वाटा आणि बाईची टोपली दोन्ही लवकर सुरू होतात, हे दुरुस्तीच्या बाजूने आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून आमच्या गटाने दुरुस्तीच्या कामावर त्याच होडीच्या खलाशांना मजुरी देऊन लावायचं ठरवलं. घासणं, रंग, जाळी विणणं, लाकूड वाहणं, यात त्यांचे दिवस भरतात. बायकांसाठी वेगळी रक्कम बाजूला काढायची, ती त्यांच्या बचत गटाकडे द्यायची, नाखवामार्फत नाही. तुम्हाला यापेक्षा चांगला मार्ग सुचत असेल तर जरूर कळवा.

आता एक विनंती. फायबरच्या होड्या किनाऱ्यावर आहेत, वाढतही जाणार, आणि त्यांची दुरुस्ती नीट येणारी माणसं फार थोडी आहेत. लाकडाचं काम गावचा सुतार करतो. फायबरला तडा गेला तर बाहेरून केसाएवढी रेघ दिसते आणि आतले थर सुटलेले असतात. पुष्कळ जण वरून मॅट (काचतंतूंचं कापड) चिकटवून रेझिन फासतात. कडा उतरत्या घासत नाहीत, पृष्ठभाग सुकू देत नाहीत, रेझिन घट्ट करणारा हार्डनर अंदाजाने ओततात. जूनच्या दमट हवेत ते ठिगळ खरोखरच ठिगळ राहतं आणि पहिल्या उधाणाला सुटतं. तुम्ही तीस वर्षं हेच काम केलंय. यंदा पावसाआधी, मे महिन्यात, दोन-तीन वाड्यांतल्या तरुणांना तुम्ही हे शिकवाल का? राहण्याजेवण्याची सोय आमच्याकडे. सरावासाठी फुटलेली एक होडी आहे. मॅट, रेझिन आणि घासायचं यंत्र आम्ही आणतो, किती आणि कुठल्या प्रतीचं लागेल त्याची यादी तेवढी पाठवा.