एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्न : श्रेयाचा उलटा हिशेब

अमेरिकी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन हे आपल्या वाद्यवृंदाचे केवळ रुबाबदार पुढारी होते, त्यांच्या नावावरचे संगीत प्रत्यक्षात त्यांचे सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न यांनी रचले आणि पियानोवादक म्हणूनही एलिंग्टन बेताचेच होते, असे हल्ली अनेक जॅझप्रेमी छातीठोकपणे सांगतात. स्ट्रेहॉर्न यांना हयातीत पुरेसे श्रेय मिळाले नाही हे खरे असल्यामुळे बाकीचेही चटकन पटते.

पहिला पुरावा हमखास ‘टेक द ए ट्रेन’चा असतो. ही रचना स्ट्रेहॉर्न यांचीच. पण ती वाद्यवृंदाची ओळखधून का झाली, हे कोणी सांगत नाही. १९४१ च्या आरंभी रेडिओ कंपन्यांचे ‘ॲस्कॅप’ या संगीतकारांच्या संघटनेशी मोबदल्यावरून बिनसले आणि तिच्या सभासदांच्या रचना अमेरिकी रेडिओवरून वाजेनाशा झाल्या. एलिंग्टन सभासद होते, स्ट्रेहॉर्न नव्हते. त्यामुळे रेडिओसाठी स्ट्रेहॉर्न आणि एलिंग्टनपुत्र मर्सर यांच्या रचना पुढे आणाव्या लागल्या. ज्या धूनवरून एलिंग्टन लिहीतच नव्हते असा निष्कर्ष काढला जातो, ती पुढे आली ते त्यांनी लिहिलेले वाजवण्याची सोय उरली नव्हती म्हणून.

एलिंग्टन यांच्या नावावरचे संगीत स्ट्रेहॉर्न यांनीच रचले, हा दावा तर तारखांपुढे टिकत नाही. स्ट्रेहॉर्न वाद्यवृंदाशी जोडले गेले १९३९ मध्ये. ‘मूड इंडिगो’ १९३० ची, ‘सॉफिस्टिकेटेड लेडी’ १९३३ ची, दीर्घ रचनेचा धाडसी प्रयोग ‘रेमिनिसिंग इन टेम्पो’ १९३५ चा. आणि स्ट्रेहॉर्न १९६७ मध्ये वारल्यानंतरही एलिंग्टन यांची ‘न्यू ऑर्लिन्स स्वीट’ (स्वीट म्हणजे अनेक तुकड्यांची मिळून केलेली दीर्घ रचना) झालीच. आक्षेपच घ्यायचा तर त्याला अधिक भक्कम जागा आहे : एलिंग्टन आपल्या वादकांच्या सुरावटी उचलत. ‘मूड इंडिगो’मध्ये बार्नी बिगार्ड यांचा वाटा होता, ‘कॅरव्हॅन’ची मूळ चाल हुआन टिझॉल यांची. मात्र त्या सुरावटींना कोणत्या वाद्याच्या कोणत्या पट्टीत, कोणाच्या शेजारी बसवायचे, हे कसब एलिंग्टन यांचे होते.

स्ट्रेहॉर्न यांची बाजू मांडायला ‘फार ईस्ट स्वीट’ अधिक उपयोगी पडेल. १९६३ च्या भारतासह आशियाई दौऱ्याची ती फलश्रुती मानली जाते, पण तिच्यातील ‘इस्फहान’ ही सर्वांत गाजलेली चाल स्ट्रेहॉर्न यांनी दौऱ्याआधीच लिहिली होती.

पियानोचा आक्षेप तर ‘मनी जंगल’ हा अल्बम न ऐकताच घेतलेला दिसतो. १९६२ मध्ये चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच या एक पिढी धाकट्या, आक्रमक वादकांसमोर साठी ओलांडलेले एलिंग्टन बसले होते, आणि त्या ध्वनिमुद्रणात तोडून तोडून वाजवलेले, कर्कशपणाला न बिचकणारे स्वरगुच्छ त्यांचे आहेत.