सिग्नलशी बोलणाऱ्या गाड्या आणि आपल्या चौकातला धूर

भाऊ, सिग्नल कधी बदलणार ते गाडीला आधीच कळलं तर चौकातला धूर कमी होईल, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की सिग्नलशी बोलणाऱ्या गाड्या म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांची हौस. जिथे लाइन गेली की सिग्नलच मुका होतो, तिथल्या कास्तकाराला त्याचं काय? लाइनीचं अगदी खरं आहे. बैलबंडीला कोणी यंत्र लावणार नाही, हेही खरं. पण धूर काही कारवाले एकटे खात नाहीत.

आमच्या चौकातून दिवाळीनंतर कापसाचे ट्रक जिनिंगकडे निघतात. कोपऱ्यावर चहाची टपरी चालवणारी काकू सिग्नल हिरवा झाला की आधी दुधाच्या पातेल्यावर ताट झाकते. लाल असताना नाही, हिरवा झाल्यावर! भरलेला ट्रक जागेवरून उठतो तेव्हाच जास्त धूर ओकतो. हिशेब करून पाहा. २५ टनांचा ट्रक ताशी ५० किलोमीटरवरून पूर्ण थांबला, तर तेवढाच वेग परत धरायला साधारण २०० मिली डिझेल जातं. म्हणजे एकदा थांबण्यापायी जवळपास अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड. ब्रेक आणि टायर घासून उडणारी बारीक धूळ वेगळीच; ती विजेवरच्या गाडीलाही चुकत नाही.

हे तंत्र तो थांबाच टाळायला बघतं. दिवा किती सेकंदांत बदलणार ते सिग्नल रेडिओ लहरींवरून कळवतो आणि गाडी लांबूनच वेग असा धरते, की चौकात पोचेपर्यंत हिरवा लागावा. ऑडीने २०१६ मध्ये लास वेगासला हिरवा दिवा लागायला किती सेकंद उरले त्याची उलटी मोजणी गाडीतच दाखवायला सुरुवात केली. पुढचा ट्रक सावकाश आला की मागच्या जुन्या गाड्यांनाही सावकाशच यावं लागतं, त्यांच्यात यंत्र असो-नसो. रस्ता गच्च भरला की मात्र हा फायदा आटतो. ते मूळ लेखात लिहायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं.

हौस म्हणालात म्हणून स्पष्ट सांगतो: माझ्या मते हे कारच्या आधी मालट्रकला आणि एसटीला लागलं पाहिजे. आणि तोवर निदान सगळ्यांना दिसेल असा सेकंदांचा फलक चौकात लागावा, बॅटरीसकट. त्यासाठी नगर परिषदेला अर्ज लिहितोय. एका सकाळी टपरीवर या. तासाभरात किती भरलेले ट्रक थांबतात ते दोघं मिळून मोजू, तो आकडा अर्जात टाकू.