बापूंचा डावा कान

बापू कट्ट्यावर कायम डाव्या टोकाला बसतात. तिथं कोणी आधीच बसलं असेल तर उभे राहतील, पण मध्ये टेकणार नाहीत. म्हाताऱ्याची खोड म्हणून आम्ही कधी विचारलं नाही. कारण परवा कळलं, तेही भांडणात.

भांडण लावलं वकिलानं. पेपरातला आकडा मोठ्यानं वाचला : २०२४ साली जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत, त्यातली ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामांत. "आणि २०२५ पर्यंत हे संपवायचं, असं सगळ्या देशांनी मिळून ठरवलं होतं!"

"पेपरवाल्यांचं काय जातं," बापू म्हणाले. "चौथी झाली आणि मी पत्र्याच्या कामाला लागलो. काय बिघडलं माझं? हाताला वळण लहानपणीच लागतं. आताची पोरं पंचविशीपर्यंत शिकतात आणि भिंतीत खिळा ठोकायला माणूस बोलावतात."

खिळ्याचा विषय निघाल्यावर मी दुसरीकडे बघितलं.

मास्तर म्हणाले, "बापू, शाळा सुटल्यावर घरी चार कामं करणं वेगळं. त्याला कोणी बालमजुरी म्हणत नाही." वकिलानं लगेच कलम काढलं. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारात तेरा वर्षांपुढच्या मुलांना हलकं काम चालतं, शाळेच्या आड येत नसेल तर. धोक्याच्या कामाला मात्र अठरा पूर्ण हवीत. वर म्हणाला, "आणि कारखान्यांचंच चित्र डोळ्यांपुढे आणू नका. शंभरातली एकसष्ट मुलं शेतीत आहेत, त्यातली बरीच घरच्याच." म्हणजे राबवून घेणारा दरवेळी कोणी दुष्ट मालक नसतो. बाप असतो, आई असते. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

डॉक्टर एरवी कमी बोलतात. "लहान मुलाला मोठ्या माणसाच्या मापानं मोजू नका," ते म्हणाले. पोटात गेलेलं शिसं मुलाचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतं. तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्या पोराच्या अंगात निकोटीन कातडीतून भिनतं. ओकाऱ्या होतात, डोकं गरगरतं. आयुष्यात तंबाखू तोंडात न घेतलेलं पोर! मग एकदम बापूंकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचा डावा कान कधी गेला?"

बापूंनी चप्पल पायानं सरळ केली. "पंधराव्या-सोळाव्या वर्षी असेल."

"कशानं?"

"मिस्त्री ठोकायचा, मी पत्रा धरायचो. दोन वर्षं तेच. डोकं पत्र्याला लागूनच असायचं." मग हसले. "दुसरा आहे की."

त्या टोकाला बसलं की सगळा कट्टा उजव्या कानाशी येतो. इतकी वर्षं आमच्यातल्या एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

"दोन वर्षं पत्रा धरून काय शिकलात?" मी विचारलं. बापूंनी उत्तर दिलं ते भलत्याच गोष्टीचं. "आम्ही तीन पोरं एकदमच लागलो. महिन्याभरात मालकानं एका जुन्या कारागिराला घरी बसवलं. आम्हा तिघांचं मिळून जे होई ते त्याच्या एकट्याच्या मजुरीपेक्षा कमी होतं ना."

"त्याला मुलं होती?" मास्तरांनी विचारलं.

"होती. त्यातला एक पुढे आमच्यातच आला. पत्रा धरायला."

गरिबीमुळे मुलं कामाला जातात, हे आपण सगळेच घोकतो. मुलं कामाला जातात म्हणून मोठ्यांची मजुरी पडते आणि गरिबी तिथंच ठाण मांडते, ही बाजू बापूंनी एका कारागिरात उरकली. वकिलाचे आकडे त्यापुढे फिके पडले.

वकील म्हणाला, "म्हणून म्हणतो, सरसकट बंदी, आणि मालक आत."

इथं माझं त्याच्याशी वाजलं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेत विधेयक आलं की मुलांनी बनवलेला माल आयात करायचा नाही. कायदा झालाही नव्हता, नुसत्या धास्तीनं बांगलादेशच्या कपडे कारखान्यांनी मुलांना काढायला सुरुवात केली. युनिसेफचा अंदाज पन्नासेक हजारांचा. त्यातली कित्येक शाळेत न जाता दगड फोडायला गेली, काही त्याहून वाईट ठिकाणी. मग १९९५ मध्ये करार झाला : मुलाला काढायचं तर त्याला आधी शाळा आणि थोडा भत्ता.

"मला तेव्हा काढलं असतं," बापू म्हणाले, "तर माझ्या बापानं काय करायचं होतं, ते सांगा."

वकील गप्प. खरं तर मीही गप्पच होतो. मास्तर बोलले. मेक्सिकोनं १९९७ मध्ये एक योजना काढली : मूल शाळेत हजर असेल तर पैसे थेट आईच्या हातात. प्राथमिक शाळेत तिसरीपासून सुरू, आणि इयत्ता वाढेल तशी रक्कम वाढती, कारण मोठं मूल बाहेर जास्त कमावतं. पुढच्या वर्गांत मुलींना थोडे जास्त.

"हजेरी कमी पडली तर?"

"तर पैसे नाहीत."

बापूंनी बोटावर काहीतरी मोजलं. वकिलानं पेपर दुमडला, डॉक्टर निघायला उठले.

"मास्तर," बापू म्हणाले, "पाचवीला चौथीपेक्षा किती जास्त द्यायचे?"