मैत्री आपोआप होत नाही

‘व्हीलचेअर बास्केटबॉलच्या संघात आलं की मुलांची मैत्री आपोआप होते’, हे या खेळावरच्या एका लेखातलं वाक्य पटलं नाही. नव्या मुलाला चेंडूच मिळत नसेल तर मैत्री कुठून होणार? या खेळात प्रत्येक खेळाडूला शारीरिक क्षमतेनुसार १ ते ४.५ वर्गीकरण-गुण असतात (क्षमता जास्त तितके गुण जास्त) आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे धडावर ताबा नसलेला १ गुणाचा खेळाडू संघाला हवाच असतो. पण सरावात ही मर्यादा पाळली नाही, की ४ गुणवाले आपसात खेळतात आणि तो कडेला बसून राहतो. समोरच्याच्या खुर्चीपुढे आपली खुर्ची वेळेत आडवी घालून वाट कशी अडवायची, हे त्याला पहिल्या आठवड्यापासून शिकवा. ते जमलं की बाकीचेच त्याला हाका मारू लागतात.

आणि सरावानंतरचा अर्धा तास! पट्टे सोडताना, खेळाच्या खुर्चीतून रोजच्या खुर्चीत सरकताना खऱ्या गप्पा होतात. (तिरक्या चाकांमुळे खेळाची खुर्ची रुंद असते, साध्या दारातून बऱ्याचदा जातच नाही.) स्वच्छतागृहाचं दार अरुंद असेल किंवा परतीची गाडी लगेच निघणार असेल, तर नेमका तोच वेळ हातचा जातो.